गप्प झालेले गिऱ्हाईक

ज्याला उद्या दुसऱ्यांना शिकवायचे आहे, त्याला आज पोटासाठी जे काम करावे लागते तेही काहीतरी शिकवीतच असते. ते शिक्षण त्याने मागितलेले नसते, त्याची परीक्षा कोणी घेत नाही, आणि म्हणूनच ते जिभेत आणि हातांत नकळत मुरते. पुढे एखाद्या दिवशी ध्यानात येते की पोटाने शिकवलेले एक सांगते आहे आणि विद्येने शिकवलेले दुसरेच. अशा वेळी पोटाच्या कामाला हलके म्हणून झटकून टाकणे हा कृतघ्नपणा, आणि तेच काम सगळीकडे रेटीत राहणे हा अविवेक. या दोहोंच्या मधून वाट काढणारी एक मुलगी मी पाहिली.

‘पाहिली’ हा शब्द सवयीने आला. माझ्या दृष्टीचा मध्यभाग काही वर्षांपूर्वीच मावळला आहे. कडांचे अजून दिसते: खिडकीची चौकट, पडद्याची झालर, समोरच्या माणसाचे कान. चेहरा तेवढा दिसत नाही. तेव्हा श्रेया पेडणेकरला मी ओळखतो ती तिच्या आवाजावरून, आणि जिन्यावर वाजणाऱ्या तिच्या चपलांवरून.

माझे उभे आयुष्य शाळेत संस्कृत शिकवण्यात गेले. डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा सुमतीने, माझ्या पत्नीने, गिरगावातल्या आमच्या जुन्या ग्रंथालयाच्या फलकावर एक चिठ्ठी लावली: रोज सकाळी मराठी व संस्कृत वाचून दाखवण्यासाठी कोणी हवे आहे. दोन-तीन जण येऊन गेले. मग श्रेया आली. राहायची लालबागला. वडील, लवू पेडणेकर, एका उंच इमारतीत लिफ्टमन. ज्या गिरणीत त्यांच्या वडिलांनी साचे चालवले, तिच्याच जागेवर ती इमारत उभी आहे. श्रेया मराठी घेऊन पदवीधर झाली होती आणि शिक्षिका होण्यासाठी बी.एड. करीत होती. सकाळी आमच्याकडे वाचन, दुपारी दादरला कॉलेज, संध्याकाळी हिंदमात्याला एका साड्यांच्या दुकानात विक्रीचे काम. रविवारी तर दुकान दिवसभर.

“एवढं झेपतं तुला?” सुमतीने पहिल्याच दिवशी विचारले होते.

“झेपवायचं, काकी. बसमध्ये झोपते मी. कंडक्टर ओळखतो, स्टॉप आला की उठवतो.”

हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. त्या कंडक्टरचे उपकार सांगावेत तसे सांगितले. तिच्या बोलण्यात अशी माणसे नेहमी येत: दुकानातल्या दुर्गाताई, ज्या तिच्यासाठी डब्यातली एक पोळी बाजूला ठेवीत, कॉलेजच्या ग्रंथपालबाई, ज्या पुस्तक परत करायला उशीर झाला तरी डोळे वटारण्यापलीकडे काही करीत नसत. आणि आई रखमा. “गो, दोन घास खा आणि मगे जा,” असे म्हणत ती दारापर्यंत ताट घेऊन येई, म्हणे.

सुमतीही त्याच पंथाची. वाचन सुरू होण्याआधी बशी पुढे येई.

“काकी, हे काय आज?”

“भानोळं. कोबी आणि कोलंबी.”

“बापरे, कोलंबीचा केक! आमची आई बघेल तर म्हणेल, सुंगटांचे हे काय हाल केल्यानी गो!”

“आईला सांग, आधी खा आणि मग बोल म्हणावं.”

श्रेयाने ते खाल्ले, आणि दुसरा तुकडा आईसाठी कागदात बांधून नेला. दुसऱ्या दिवशी निरोप आला की सुंगटांचे हाल असले तरी चव बरी आहे.

तिचे वाचन स्वच्छ होते. संस्कृत तिला फारसे येत नव्हते, पण उच्चार सांगितले की ती ते कधी विसरत नसे. एक गोष्ट मात्र होती. एखादा श्लोक ऐकून मी त्याच्या अर्थाशी थांबलो की ती लगेच पुढचा वाचायला घेई. माझा विचार अर्ध्यात आणि तिचा आवाज पुढच्या पानावर. मी ते उत्साहाचे लक्षण मानीत असे.

माघ सरत आला होता. एका सकाळी चपला वाजल्या त्या सावकाश. ती आली आणि बशीला हात न लावता बसून राहिली.

“काय झालं गं?” सुमतीने विचारले.

“पाठ वाईट झाला, काकी.”

बी.एड.च्या विद्यार्थ्यांना खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांपुढे सराव पाठ घ्यावे लागतात आणि मागच्या बाकावर बसून प्राध्यापक ते पाहतात. श्रेयाचे पाठ परळच्या एका मराठी शाळेत चालू होते, इयत्ता सातवीवर. तिच्या प्राध्यापिका मधुरा मॅडम शांत, मोजके बोलणाऱ्या. परवाच्या पाठानंतर त्यांनी तिला बाहेरच्या व्हरांड्यात थांबवले आणि म्हणाल्या, “श्रेया, प्रश्न तू विचारतेस आणि उत्तरही तूच देतेस. मग मुलं कशाला बोलावलीस?”

“आणि हे तिसऱ्यांदा, सर,” श्रेया मला म्हणाली. “मी ठरवून जाते की आज नाही बोलायचं. प्रश्न विचारते. मुलं गप्प होतात. मग मला घामच फुटतो. आणि मी बोलायलाच लागते. एक उत्तर देते, मग दुसरं, मग एक उदाहरण... परवा तर कहर झाला. शेवटी ‘अजून काही शंका?’ असं विचारायचं असतं. माझ्या तोंडून निघालं, ‘अजून दाखवू?’”

सुमतीला हसू आले. श्रेयालाही आले, पण ते टिकले नाही.

“मुलांनी तर बाक वाजवले. आता मी पायरी चढले की एक जण तरी ओरडतो, ‘मॅडम, अजून दाखवू?’ त्यांचं काय, लहान आहेत. पण एप्रिलमध्ये अंतिम पाठ आहे, सर. बाहेरचे परीक्षक येणार. असाच झाला तर नापासच.”

तिने पुढचे सांगितले ते अगदी हळू आवाजात. त्याच शाळेच्या मुख्याध्यापिकेने तिला विचारून ठेवले होते: बी.एड. पूर्ण झाले तर जूनपासून मराठी शिकवायला ये. आताच्या मराठीच्या बाई निवृत्त होत आहेत, जागा आहे. पाठ गेला तर जून गेला, आणि मग सगळे एक वर्ष पुन्हा. दोन वर्षे तिने हा अभ्यास दोन नोकऱ्यांच्या मधल्या फटीत धरून ठेवला होता. तिसरे वर्ष धरून ठेवण्याइतके बळ अंगात उरेल की नाही, हे तिचे तिलाच ठाऊक नव्हते.

मी शिक्षकाला साजेसा उपदेश केला. धीर धर, मुलांवर विश्वास ठेव, वगैरे. उपदेश बरोबर होता आणि निरुपयोगी होता.

पुढच्या पंधरवड्यात सुमतीच्या भाचीचे, वल्लरीचे, लग्न ठरले. वल्लरीची आई, सुमतीची धाकटी बहीण, आता नाही. तेव्हा मुलीच्या पाठीवर हात ठेवायला मावशीच. तिला द्यायची साडी घ्यायला आम्ही एका रविवारी हिंदमात्याला गेलो, आणि अर्थातच श्रेयाच्या दुकानात गेलो.

“सर, तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हात?” श्रेयाचा आवाज आनंदाने वर चढला. “शेठ, हे आमचे विजयकर सर. आणि काकी.”

गल्ल्यावर बसलेले जगदीशशेठ उठून उभे राहिले असावेत, कारण त्यांचा आवाज वरून आला. “या सर, या. ही पोरगी सकाळी तुमच्याकडे काय वाचते ते संध्याकाळी इथे गिऱ्हाइकांना ऐकवते. एकीला परवा श्लोक म्हणून दाखवला.”

“मग घेतली का साडी?” मी विचारले.

“दोन घेतल्या! तुमचं कमिशन लागू झालं.”

आम्ही पांढऱ्या गादीवर बसलो. मला साड्या दिसणार नव्हत्या, म्हणून मी ऐकत बसलो. दुकान ऐकण्याजोगे असते. रेशीम उलगडले जाते तेव्हा ‘सळ्ळ’ असा एक आवाज होतो, आणि सुती साडीचा त्याहून जाड, दबका. श्रेया साडीबरोबर बोलत होती: हा काठ बघा, हा पदर, ही अंगाला हलकी, ही लग्नात उठून दिसेल. सुमती विचारी, ती सांगे. मग एका साडीपाशी सुमती गप्प झाली.

आणि लगेच, सळ्ळ. दुसरी साडी. “ही बघा काकी, यात हिरवा पण आहे.” सळ्ळ. “आणि हा नवीन आलाय.” सळ्ळ.

“अगं, थांब ना जरा!” सुमतीचा आवाज एकदम वर गेला. “त्या वांगी रंगाकडे बघू तरी दे मला. पुरून टाकलीस की तिला!”

श्रेयाचे हात थबकले. सुमतीने वरच्या साड्या बाजूला सारल्या. “माझ्या बहिणीची असली एक होती,” ती हळूच म्हणाली. “लग्नातली. तिचाच विचार करत होते मी.”

“सॉरी, काकी. सवय हो. गिऱ्हाईक गप्प झालं की समजायचं, मनातून उठलं. लगेच पुढची टाकायची. पहिल्याच दिवशी शिकवलं मला शेठनी.”

“खोटं शिकवलं का?” गल्ल्यावरून जगदीशशेठ म्हणाले. “गप्प झालेलं गिऱ्हाईक म्हणजे अर्धं दुकानाबाहेर. समोर आणखी दहा दुकानं आहेत. त्याला गप्प राहूच द्यायचं नाही.”

मी म्हणालो, “श्रेया, वर्गात मुलं गप्प होतात, तेव्हा तुला घाम फुटतो म्हणालीस.”

बाजूला कोणी मायलेकी रंगावरून वाद घालीत होत्या, रस्त्यावर हॉर्न वाजत होते. आमच्या गादीवर मात्र सगळे स्तब्ध झाले होते. मग तिचा आवाज आला, “म्हणजे, सर... मी त्यांना पण साड्याच दाखवते आहे.”

वांगी साडी ठरली. उलगडलेल्या ढिगाच्या घड्या घालायला श्रेया बसली आणि दुर्गाताई, ज्यांची मला तोवर फक्त पोळी ठाऊक होती, सुमतीला म्हणाल्या, “बघा हं मावशी, आता मजा. ही दिवसभर रेडिओ असते. घड्या घालायला बसली की मुकी. हाक मारा, ऐकू नाही जायची.” आणि खरेच, काठाला काठ लावून तळहाताने दाबण्याचा मऊ आवाज तेवढा येत राहिला.

रोगाचे नाव कळले म्हणून रोग जात नाही. आम्ही सराव सुरू केला. रोजचे वाचन आटोपल्यावर सुमती आणि मी विद्यार्थी होत असू. श्रेया प्रश्न विचारी आणि आम्ही मुद्दाम गप्प बसत असू.

“दीर्घ श्वास घे,” मी सांगे. “तीन वेळा.”

ती तीन श्वास इतक्या घाईने घेई की जिना चढून आल्यासारखे वाटे, आणि मग उत्तर देऊन टाकी.

“सर, तुम्ही गप्प बसलात की मला वाटतं, मी विचारलं तेच चुकलं. नाहीतर तुम्हाला कंटाळा आला.”

“मला खरंच आला होता,” सुमती म्हणे. “बाई, मी पाणी प्यायला जाऊ?”

“काकी, तुम्ही वर्गात असतात ना, तर मी पहिल्याच दिवशी बी.एड. सोडलं असतं!”

हसणे पुष्कळ होई, सुधारणा थोडी. मधुरा मॅडमनी पुढच्या पाठानंतर ‘प्रयत्न दिसतो’ एवढाच शेरा दिला. श्रेया म्हणाली, हा शेरा त्या दयेपोटी देतात.

अंतिम पाठाचा दिवस लागला तो अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी. साड्यांच्या दुकानात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. पाठ दुपारचा, त्यानंतर परीक्षकांचे प्रश्न, कागदपत्रे, असे करीत संध्याकाळ होणार. रजा मागणे भाग होते. ती रजा कशी मिळाली ते श्रेयाने आम्हाला दुसऱ्या दिवशी दोन्ही आवाज काढून सांगितले. ते इथे जसेच्या तसे देतो.

ती गल्ल्यापाशी जाऊन उभी राहिली. तारीख सांगितली. जगदीशशेठनी कपाळाला हात लावला. “अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी? त्यापेक्षा दुकानच मागितलं असतंस!”

श्रेया काही बोलली नाही.

“बोल की. गप्प का?”

“शेठ, गप्प राहायची प्रॅक्टिस करतेय.”

“म्हणजे? ते सर तुला मौनव्रत देतात काय?”

तेव्हा तिने सगळे सांगितले: मुले गप्प होतात, आपल्याला वाटते गिऱ्हाईक उठले, आणि मग आपण उत्तरांचा ढीग टाकत सुटतो. शेठनी ऐकून घेतले आणि मोठ्याने हसले.

“अगं वेडे, तुझी पोरं उठून जाणार कुठे? त्यांना समोर दुसरं दुकान आहे का? घंटा होईपर्यंत बांधलेलं गिऱ्हाईक ते! मला असं गिऱ्हाईक मिळालं असतं ना, तर मी दिवसभर तोंड उघडलं नसतं. पान खात बसलो असतो.”

दुर्गाताई पलीकडून म्हणाल्या, “जा गं तू. तुझी गादी मी बघते. शेठ, बघते ना मी?”

“आता तूच ठरवलंस तर मी काय, गल्ल्यावरचा फोटो?” शेठ म्हणाले, आणि रजा मिळाली.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी चपला वाजल्या. त्या धावत आल्या. सुमतीने दार उघडले आणि श्रेयाने आधी तिला नमस्कार केला, मग मला, मग बशी हातात घेतली.

“सांग,” सुमती म्हणाली.

“सांगते. सगळं सांगते. पण मध्ये बोलायचं नाही हं, काकी.”

“मी कशाला बोलू? मी बांधलेलं गिऱ्हाईक.”

वर्ग तोच, सातवीचा. मागच्या बाकावर परीक्षक, शेजारी मधुरा मॅडम. श्रेया आत शिरताच खिडकीजवळून कुजबुज आली, ‘अजून दाखवू?’ आणि खसखस पिकली. पाठ होता एका म्हाताऱ्या नावाड्याचा. खाडीवर पूल झाला, होडीला कोणी विचारीना, तेव्हा त्याने ती विकली. पण वल्हे घरात आणून ठेवले. श्रेयाने उतारा वाचला, शब्दांचे अर्थ घेतले. मग फळ्याला पाठ लावून उभी राहिली आणि विचारले, “होडी विकली. मग वल्हं का ठेवलं असेल?”

वर्ग गप्प झाला.

“सर, पंख्याचा आवाज येत होता फक्त. परीक्षकांचं पेन दिसत होतं, कागदावर टेकवलेलं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. अगदी जिभेवर. मी म्हटलं, शेठ म्हणाले तेच खरं, जाणार कुठे ही? कोणी दाराकडे बघत नव्हतं. पण जीभ ऐकत नव्हती ना! मग मी हात मागे घेतले आणि मनात एक साडी घडी करायला घेतली. काकींचीच, वांगी. काठाला काठ लावला. पदर आत घेतला. हात फिरवला. घडी झाली. तरी कोणी बोलेना. म्हटलं बरं, दुसरी घेऊ.”

“मग?”

“काकी!”

“नाही, नाही. बोलत नाही.”

दुसरी घडी अर्ध्यावर असताना खिडकीजवळचा धम्मपाल, जो ‘अजून दाखवू’ म्हणणाऱ्यांतला म्होरक्या, उभा राहिला. “मॅडम, नुसतं वल्हं कोण विकत घेणार? म्हणून राहिलं असेल.”

वर्ग हसला. श्रेया हसली नाही आणि ‘चूक’ही म्हणाली नाही. “असू शकेल,” एवढेच म्हणाली, आणि घडी पुढे चालू केली.

मग मानसी नावाची मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, “माझ्या आजोबांकडे गिरणीचा बिल्ला आहे. गिरणी कधीच बंद झाली.”

“तो गिरणी कामगारांच्या घरांच्या लॉटरीसाठी ठेवतात,” धम्मपालने ठणकावले. “आमच्याकडे पण आहे.”

“लॉटरीला कागद लागतात. ते वेगळ्या पिशवीत आहेत. बिल्ला आजोबा रोज पुसतात.”

“रोज?”

“रोज. आंघोळ झाली की.”

पुन्हा सगळे गप्प. इतका वेळ, श्रेया म्हणाली, की तिसरी साडीही घडी होऊन गेली असती. “पण मला घडी घालायची आठवणच राहिली नाही, सर. मी पण तोच विचार करत होते.” मग धम्मपाल, अजून उभाच होता तो, जरा वेगळ्या आवाजात म्हणाला, “मग नावाडी पण पुसत असेल वल्हं.”

परीक्षकांनी पेन खाली ठेवले.

पुढे प्रश्न आले ते मुलांकडून. वल्हे भिंतीला टांगले असेल की कोपऱ्यात उभे केले असेल, नातवंडे त्याच्याशी खेळत असतील का, पूल बांधणाऱ्यांना हे ठाऊक असेल का. घंटा व्हायला आली तेव्हा श्रेया म्हणाली, “अजून...” आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “दाखवू?”

“नाही,” ती म्हणाली. “आज तुम्हीच दाखवलंत. मी बघितलं.”

बाहेर व्हरांड्यात, जिथे माघात त्यांनी तिला थांबवले होते तिथेच, मधुरा मॅडमनी तिला पुन्हा थांबवले. “आज वर्गात मुलं होती,” एवढेच म्हणाल्या, आणि तिच्या हातातली पुस्तकांची पिशवी घेऊन जिना उतरेपर्यंत स्वतः धरून चालल्या.

निकाल यथाकाळ लागला. पाठ उत्तम ठरला, बी.एड. पूर्ण झाले, आणि परळच्या मुख्याध्यापिकेने शब्द पाळला. पेढे आधी लालबागच्या घरी देवापुढे गेले, मग हिंदमात्याला. जगदीशशेठनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, “आता तुझ्या जागी कोणाला आणू? आलेली प्रत्येक पोरगी बोलणारीच. तुझ्यासारखी घडी घालणारी कुठून आणू?” दुर्गाताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि वर तिलाच रागावल्या की पेढे गोड कमी आहेत.

ज्या दुकानाने तिला शांततेची धास्ती लावली, त्याच दुकानाने तिच्या हातांना शांत राहण्याची एक रीत देऊन ठेवली होती. हे दोन्ही एकाच गादीवर घडले. श्रेयाने त्यातले कुठले दान लहान आणि कुठले मोठे हे ठरवीत बसण्याचा खटाटोप केला नाही. तिने नमस्कार केला तो सबंध दुकानाला, उंबऱ्याला हात लावून.

आता आमच्याकडचीही सकाळ सुटणार होती. शाळा सकाळची. शेवटच्या दिवशी ती नेहमीसारखी आली. सुमतीने पुन्हा भानोळे केले होते, आणि या वेळी आईसाठीचा तुकडा मोठा होता.

“सर, रविवारी येईन मी. दुकान नाही आता. रविवार माझा.”

“रविवारी झोप,” सुमती म्हणाली. “बस नाही, कंडक्टर नाही, अंथरुणात झोप. मग ये.”

ती वाचायला बसली. एक जुना श्लोक होता, साधाच, पण त्यातल्या एका शब्दापाशी मी दरवेळी अडतो. तिने तो वाचला. मी अडलो. खिडकीच्या कडेला पडद्याची झालर वाऱ्याने हलत होती, खाली कोणी भाजीवाल्याशी घासाघीस करीत होते. पुढचे पान उलटल्याचा आवाज आला नाही. श्रेया बसून होती. ती मनात साडी घडी करीत होती की आता तिला तिची गरजच उरली नव्हती, हे मला ठाऊक नाही. पण तिच्या थांबण्यात घाई नव्हती, भीती नव्हती, आणि माझ्यापुढे तो शब्द किती तरी दिवसांनी सावकाश उलगडला.

मी “हं” म्हणालो. तेव्हा तिने पुढचे वाचायला घेतले.

हिंदमात्याच्या त्या गादीवर माणसांची ये-जा राहो, आणि एखादी बाई एखाद्या रंगापाशी गप्प झाली तर तिला क्षणभर तशीच राहू देणारे हात तिथे असोत. बसमध्ये झोपलेल्या मुलीला हाक मारणाऱ्याचा प्रवास सुखाचा होवो. लालबागच्या दारात ताट घेऊन उभ्या राहणाऱ्या आईच्या ताटात कधी उणे न पडो. मानसीच्या आजोबांचा बिल्ला लखलखीत राहो. आणि श्रेया, बाळ, तुझ्या वर्गात मुले गप्प होवोत, पुष्कळ वेळ गप्प होवोत, आणि मग त्यांच्यातले कोणीतरी बोलो. तोवर थांबण्याचे बळ तुला जन्मभर पुरो.